साडेतीनचा अबोला

कंपनीत त्याला सगळे कानसेन म्हणत. हे नाव ठेवलं होतं त्याला कामाला लावणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीने. एसी बिघडला की बाकीची पोरं आधी पेचकस काढायची, हा मात्र आधी भिंतीला कान लावायचा. मिनिटभर तसाच उभा राहायचा, डोळे मिटून. मग सांगायचा, "पंख्याच्या एका पात्यावर धूळ जास्त बसलीय," नाहीतर "कॉम्प्रेसरखालचं एक रबर गेलंय." उघडून बघावं तर तसंच निघायचं. मिस्त्री म्हणाला, "सगळेच काही तानसेन होत नाहीत. हे पोरगं कानसेन आहे." ते नाव चिकटलं ते चिकटलंच. पगाराच्या चिठ्ठीवर काय नाव छापलंय हे पुढे पुढे कंपनीत कुणाला आठवेनासं झालं.

पुढे मशिनं स्वतःच आपलं दुखणं सांगायला लागली. एक युनिट घरात, एक बाहेर, दोन्हींच्या पोटात सर्किट बोर्ड. काही बिनसलं की आतल्या युनिटवर आकडा उमटायचा किंवा हिरवा दिवा ठरावीक वेळा मिचकायचा. जुन्या मिस्त्री लोकांनी नाकं मुरडली. यानं मुरडली नाहीत. वयाच्या चाळिशीत तो पोराटोरांसारखा पाठांतराला बसला. रात्रीची जेवणं झाली की बायको पुस्तिका हातात धरून विचारायची, "दिवा चार वेळा मिचकला?" आणि हा ताट धुता धुता सांगायचा, "बाहेरच्या पंख्याची मोटार." "सात?" "पाइपावरचा सेन्सर." महिनाभरात त्याला कोड असे पाठ झाले की झोपेतून उठवून विचारावं. पण तो पोरांना एक गोष्ट बजावून सांगायचा. कोड फक्त कुठे दुखतंय ते सांगतो. का दुखतंय ते त्याला विचारू नका, त्याला माहीत नसतं.

कामाला लागल्यापासून अशी एकवीस वर्षं गेली. मग तो पडला.

दुसऱ्या मजल्याच्या खिडकीबाहेर छज्ज्यावर उभा राहून तो बाहेरचं युनिट बसवत होता. पट्टा बांधलेला होता. कामात हयगय करणाऱ्यांतला तो नव्हता. पण ज्या गजाला पट्टा बांधला होता तो गजच भिंतीतून उपटून आला. खाली बांधकामाच्या वाळूचा ढीग होता म्हणून जिवावरचं पायावर निभावलं. डाव्या मांडीत सळई घातली, घोटा मात्र जो आखडला तो आखडलाच. आठ महिने घरी काढून तो कामावर आला तेव्हा साहेबांनी खुर्चीत बसवून, चहा पाजून सांगितलं, "शिडी आता बंद. तक्रारींच्या फोनवर बस. जागा आहे, मान आहे."

मान कसला, त्याच्या मनात आलं. आठ महिने खाटेवर होतो, आता खुर्चीत. फरक एवढाच, तिथे पाय लांब होते, इथे खाली.

त्या खोलीत बारा टेबलं होती, बारा संगणक, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर हेडफोन. पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणालं, "घ्या, कानसेनच्या कानाला शेवटी काम मिळालं." सगळे हसले, तोही हसला, आणि दुपारचा डबा न उघडताच घरी घेऊन गेला. पडद्यावर वाक्यं लिहून दिलेली असायची. 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' ती वाचायची, तक्रार नोंदवायची, माणूस पाठवतो म्हणायचं, पुढचा फोन. एका फोनला सहा मिनिटं. त्यावर गेलं की पडद्याच्या कोपऱ्यात लाल पट्टी यायची.

पहिले तीन महिने त्याने वाक्यं वाचली. चौथ्या महिन्यात एका थंडीच्या सकाळी एक बाई घाबऱ्याघुबऱ्या बोलायला लागल्या. बाहेरच्या मशिनातून धूर येतोय, आग लागलीय, काय करू. बाकी कुणी असतं तर मेन स्विच बंद करा म्हणून मोकळं झालं असतं. यानं विचारलं, "धुराला वास येतोय का?"

"नाही हो."

"खाली पाणी ठिबकतंय?"

"हो, धारच लागलीय."

"मग धूर नाही, वाफ आहे. रात्रभर तुमची खोली गरम करता करता बाहेरच्या मशिनवर बर्फ धरलाय. तो ते स्वतःच वितळवतंय. दहा मिनिटं चहा प्या, मग बघा."

दहा मिनिटांनी बाईंचा पुन्हा फोन आला, खोली गरम होतेय म्हणून सांगायला. त्या दिवशी त्याच्या लक्षात एक गोष्ट आली. शिडीवर चढायला आपले पाय नाहीत, पण त्या घरात दोन डोळे आहेत, दोन कान आहेत, नाक आहे. ते थोडा वेळ उसने मागायचे, एवढंच.

त्यानंतर तो लोकांकडून उसनं मागायला लागला. "फोन मशिनजवळ धरा." "मागच्या बाजूला हात नेऊन बघा, हवा गार लागते का कोमट? नाही नाही, आत बोट घालू नका." एका गृहस्थांनी दिवा अकरा वेळा मिचकतो म्हणून सांगितलं. अकराचा कोड त्या मशिनला नव्हताच. मोठ्याने मोजा म्हटल्यावर कळलं की ते मधली विश्रांतीसुद्धा मोजत होते. लाल पट्टी यायची, पण त्याच्या फोनांपैकी निम्म्या घरी माणूस पाठवावाच लागायचा नाही. खोलीच्या सुपरवायझर मॅडम तिशीच्या आतल्या, शिस्तीच्या. त्या येऊन म्हणायच्या, "काका, मिनिटं बघा." तो म्हणायचा, "बघतो." दोघांनाही माहीत असायचं की तो बघणार नाही.

अशी दोन वर्षं गेली आणि एका उन्हाळी दुपारी सिस्टरांचा फोन आला.

मोठ्या इस्पितळात तेहतीस वर्षं काढून, वॉर्डाच्या मुख्य सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या बाई त्या. आवाजातच ते होतं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"तुमचा माणूस आमच्याकडे तीनदा येऊन गेला. पहिल्यांदा म्हणाला काही झालेलं नाही. दुसऱ्यांदा म्हणाला आतला बोर्ड गेलाय, आणि बदलला. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आता म्हणतो बाहेरचाही बोर्ड गेलाय. माझे यजमान अंथरुणाला खिळून आहेत, त्यांना उष्मा सोसत नाही. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं किती दिवस चालायचं?"

त्याने पडद्यावरचं दिलगिरीचं वाक्य वाचलं नाही. "दिवा किती वेळा मिचकतो?"

"सहा. मग थांबतो. मग परत सहा. चारदा मोजलंय."

"सहा म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या युनिटचा अबोला झालाय. आतलं काय सांगतंय ते बाहेरच्याला पोचत नाही, म्हणून बाहेरचं काम थांबवतं."

"अबोला," सिस्टर म्हणाल्या. राग थोडा खाली आला असावा. "बरं. मग कोण कुणाशी बोलत नाहीये?"

"तेच शोधायचंय. आत्ता मिचकतोय?"

"आत्ता मिचकतोय."

"आमचा माणूस आला तेव्हा?"

"एकदाही नाही. तो यायचा आणि ही बया शहाण्यासारखी चालायची. डॉक्टर आले की पेशंटचा ताप उतरतो ना, तसं."

कानसेन खुर्चीत सरळ झाला. "सिस्टर, हा ताप किती वाजता चढतो?"

मग त्या म्हणाल्या, "हा प्रश्न मी तेहतीस वर्षं लोकांना विचारला. मशिनच्या बाबतीत माझ्या डोक्यात कसा आला नाही?"

"वेळा लिहून ठेवाल का? चार दिवस. कधी सुरू झालं, कधी थांबलं."

"तक्ता करते," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. कोपऱ्यात लाल पट्टी लागून बराच वेळ झाला होता.

पाचव्या दिवशी त्यांनी फोन त्यालाच द्यायला सांगितलं. बारा टेबलांच्या खोलीत असं कधी होत नसे. जो मोकळा असेल त्याच्याकडे फोन जायचा. पण बाईंनी आधी दोन जणांना सांगून टाकलं होतं, "मला ते अबोलावाले हवेत."

"लिहून घ्या," त्या म्हणाल्या. "सोमवार, तीन अठ्ठावीसला सुरू, पाच चाळीसला बंद. मंगळवार, तीन पस्तीस ते पाच पस्तीस. बुधवार, नाही. गुरुवार, तीन तीस ते पाच पंचेचाळीस."

"बुधवारी नाही म्हणजे? एसी लावला नव्हता?"

"लावला होता. दिवसभर चालला. शेरा लिहिलाय मी. आभाळ."

त्याच्या हातातलं पेन थांबलं. शेरा लिहिणारी माणसं आता राहिली नाहीत, असं त्याला वाटून गेलं. आभाळ होतं तेव्हा बिघाड नाही. ऊन होतं तेव्हा साडेतीनला सुरू, पावणेसहाला बंद. बोर्ड बिघडला असता तर त्याने सकाळ-दुपार पाहिली नसती.

"सिस्टर, दुपारी साडेतीनला तुमच्या घरात ऊन कुठे येतं?"

"गॅलरीत. पश्चिमेची आहे."

"बाहेरचं युनिट तिथेच आहे?"

"तिथेच. पण त्याच्यावर सावली असते. ऊन येतं समोरच्या भिंतीवर."

"त्या भिंतीवर काय आहे?"

"काही नाही. पांढरी प्लॅस्टिकची पट्टी गेलीय, वायरीवरून. थांबा." पावलांचा आवाज, दार सरकल्याचा आवाज. "पट्टी सरळ आहे. मधे एके ठिकाणी फुगलीय. गाठ आल्यासारखी."

"हे युनिट आधीपासून तिथेच आहे का?"

"नाही. आधी या टोकाला होतं. शेजारच्यांच्या खिडकीत गरम हवा जायची म्हणून दोन वर्षांपूर्वी त्या टोकाला नेलं. एका ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने सरकवलं."

त्याने डोळे मिटले. जुनी वायर आखूड पडली असणार. इलेक्ट्रिशियनने पुढे तुकडा जोडला असणार. पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळून, पट्टीखाली झाकून. सांधा दोन वर्षांत काळा पडला. दुपारी भिंत तापली की पट्टीच्या आतलं सगळं तापतं, सांधा ढिला पडतो आणि निरोप तुटतो. संध्याकाळी भिंत निवली की पुन्हा टेकतो. त्याला ते इतकं स्वच्छ दिसलं, जणू तोच शिडीवर उभा होता.

"मी पट्टी उघडून बघू का?" सिस्टरांनी विचारलं. "घरात पेचकस आहे."

"अजिबात नाही. हात लावायचा नाही."

"अहो, मी ऑपरेशन थिएटरात उभी राहिलेली बाई आहे."

"ते थिएटर तुमचं. हे माझं."

सिस्टर हसल्या. पहिल्यांदाच. "बरं, डॉक्टर."

फोन ठेवला तर शेजारी मॅडम उभ्या. "एकतीस मिनिटं, काका."

"मॅडम, त्या घरी उद्या दुपारी सव्वातीनला माणूस पाठवा. बोर्ड न घेता. नवी अखंड वायर घेऊन."

"तिथला बोर्ड मागवून झालाय. फील्डवाल्यांनी तसं लिहून दिलंय."

"लिहिणाऱ्याला बोलवा."

लिहिणारा होता लंबू. सहा फुटांच्या वर उंची, म्हणून ते नाव. त्याला हातात मीटर कसा धरायचा ते कानसेननेच शिकवलं होतं. आता तो फील्डवरचा सगळ्यांत वरचा माणूस होता, दिवसाला नऊ-नऊ घरं करायचा आणि त्याचा त्याला अभिमान होता. तो आला, त्याने तक्ता वाचला, बाजूला ठेवला.

"दादा, कोड कम्युनिकेशनचा आहे. पुस्तकात पहिलं कारण बोर्ड."

"पुस्तकात पहिलं कारण वायर आहे. बोर्ड तिसरं. आधीची दोन तू गाळलीस."

"वायर मी तपासली. मीटर लावला. बरोबर होती."

"किती वाजता लावला?"

लंबूचे कान तापले. खोलीतले दोघे-तिघे हेडफोन बाजूला करून ऐकत होते. तो म्हणाला, "दादा, खुर्चीत बसून सांगणं सोपं असतं."

हे कानसेनला लागलं. तसं दुखणारं ते एकच होतं आणि लंबूने नेमकं त्यावरच बोट ठेवलं होतं. त्याने टेबलाखाली आखडलेला पाय जरा लांब केला. जुना कानसेन असता तर त्याने चार शब्द सुनावले असते. त्याने आवाज न चढवता सांगितलं, "सोपं नाही रे. शिडीवर होतो तेव्हा सोपं होतं. जे दिसायचं ते बघायचो. इथे दुसऱ्याला दिसायला लावावं लागतं. तू तीनदा गेलास. दोनदा सकाळी, एकदा दिवेलागणीला. त्या बाईंनी चार दिवसांचा ताप लिहून ठेवलाय. तुझ्याजवळ काय लिहिलेलं आहे?"

मॅडमनी तक्ता उचलला. त्यांनी तो दोनदा वाचला, बुधवारच्या 'आभाळ' या शब्दावर बोट टेकवलं आणि म्हणाल्या, "सव्वातीन. बोर्ड नाही, वायर. आणि फोन चालू ठेवायचा. काका इथून ऐकतील."

दुसऱ्या दिवशी ऊन कडक होतं. तीन वाजून दहा मिनिटांनी कानसेनने बाकीचे फोन बंद केले. मॅडमनी तेवढी परवानगी दिली होती आणि स्वतः दुसरा हेडफोन लावून बाजूला बसल्या होत्या. सव्वातीनला लंबू पोचला. एसी मजेत चालू होता. सिस्टरांनी त्याला बसायला खुर्ची दिली आणि छातीवरच्या घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी नर्स लावतात ते उलटं घड्याळ त्यांनी सोडलं नव्हतं, हे लंबूने नंतर सांगितलं.

तीन पंचवीस. काही नाही. तीन तीस. काही नाही. लंबू म्हणाला, "दादा, आणखी किती—"

"थांब," कानसेन म्हणाला.

त्याला ऐकू आलं होतं. फोनमधून, गॅलरीच्या दारापलीकडून येणारी कॉम्प्रेसरची घरघर जराशी अडखळली आणि बसली. मग शांतता. मग लंबूचा बदललेला आवाज. "सहा वेळा. दादा, सहा वेळा मिचकतोय."

"तीन बत्तीस," सिस्टर म्हणाल्या.

"आता मीटर लाव. आधी आत."

"आतून निरोप निघतोय."

"आता बाहेर."

पावलं. "बाहेर पोचत नाहीये." लंबूने श्वास सोडला. "वायरच."

"मेन बंद कर. बंद केल्याचं सिस्टरांना दाखव. मग पुन्हा मीटर लावून खात्री कर. मगच पट्टी उघड. जिथे फुगलीय तिथे."

प्लॅस्टिक करकरलं. मॅडमनी कानसेनकडे पाहिलं. तो टेबलाकडे बघत होता, आणि त्याच्या हाताची बोटं हवेत पेचकस फिरवावा तशी हळू हळू फिरत होती.

"दादा," लंबू म्हणाला, "चिकटपट्टीचा चिखल झालाय. आतला सांधा कोळशासारखा काळा. नुसता पिळलाय, त्याला ना स्क्रू ना काही. हात लावला तर सुटून हातात आला."

"फोटो काढ. मग तो टाकून दे. आतपासून बाहेरपर्यंत एकच वायर टाक. मधे जोड नको."

तासभर लागला. लंबूचा हात चांगला होता, ते कानसेनला माहीत होतंच, त्याचाच हात होता तो. पट्टी बंद झाली, मेन चालू झाला, आणि दोन-तीन मिनिटांनी फोनमधून अगदी बारीक एक हुंकार आला.

"सुरू झाला," कानसेन म्हणाला.

"नाही अजून, दादा. पंखाच फिरतोय." आणि मग, "हो. हो, झाला."

मॅडमनी हेडफोन काढला. उठून गेल्या आणि येताना दोन कप चहा घेऊन आल्या, एक त्याच्यापुढे ठेवला. या खोलीत सुपरवायझरने कुणाला चहा आणून दिल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

सिस्टरांनी आणखी तीन दिवस तक्ता ठेवला. त्याने सांगितलं नव्हतं. चौथ्या दिवशी फोन करून म्हणाल्या, "तीन दिवस, कडक ऊन, एकदाही त्रास नाही. ह्यांना दुपारची झोप लागते आता. पेशंटला डिस्चार्ज द्यायला हरकत नाही."

"द्या," तो म्हणाला. "तुम्ही नसता तर रोग सापडला नसता, सिस्टर. तक्ता तुमचा."

"आणि प्रश्न तुमचा. मी पुष्कळ डॉक्टरांच्या हाताखाली काम केलं. विचारणारे थोडे असतात."

ऊर भरून येणं म्हणतात ते हे, असं फोन ठेवताना त्याला वाटलं, आणि कुणी बघेल म्हणून त्याने उगाच पेनाचं झाकण काढलं आणि लावलं.

लंबू आठवडाभर त्याच्या टेबलाकडे फिरकला नाही. मग एका सकाळी आला, स्टूल ओढून बसला. माफी वगैरे काही मागितली नाही. खिशातून कागद काढला. "दादा, एक घर आहे. दिवा चार वेळा मिचकतो. पंख्याची मोटार मी बदलली होती, तरी येतोय. या वेळी वेळा विचारून आलोय."

कागदावर वाकड्यातिकड्या अक्षरात पाच दिवसांच्या वेळा होत्या. शेऱ्याचा रकानासुद्धा आखला होता. कानसेनने चष्मा लावला. "हे बघू. सकाळी सातला काय होतं त्या घरात?"

"ते विचारायचं राहिलं."

"मग जा, विचारून ये," तो म्हणाला, आणि दोघंही हसले.

महिनाअखेरीच्या बैठकीत मॅडमनी साऱ्या खोलीला सिस्टरांच्या त्या फोनचं रेकॉर्डिंग ऐकवलं. सगळं, एकतीस मिनिटं. कानसेनला आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपला आवाज असा बाहेरून ऐकायची त्याला सवय नव्हती. पण हळूहळू त्याच्या कानांनी आपलं नेहमीचं काम सुरू केलं, आणि त्याला जाणवलं की हा माणूस घाई करत नाहीये. हा माणूस समोरच्याचं बोलणं अर्ध्यात तोडत नाहीये. छज्ज्यावर उभा राहून खालच्या पोराला 'आता दोरी सोड, आता धर' सांगणारा जो होता, तोच हा. मधल्या काळात तो कुठे गेलाच नव्हता.

रेकॉर्डिंग संपल्यावर मॅडम म्हणाल्या की काकांच्या फोनला यापुढे लाल पट्टी लागणार नाही. एकदा माणूस पाठवूनही न सुटलेली तक्रार यापुढे आधी काकांच्या टेबलावर जाईल. आणि तक्रार नोंदवायच्या पानावर सोमवारपासून एक नवा रकाना असेल. ग्राहकाचं नाव, पत्ता, कोड यांच्या खाली. 'किती वाजता येतो?' तो भरल्याशिवाय पान पुढे सरकणार नाही.

सोमवारी सकाळी त्याने संगणक सुरू केला तेव्हा तो रकाना तिथे होता. त्याने मान वळवून शेजारच्या टेबलावर पाहिलं. तिथेही होता. बाराही पडद्यांवर होता. इतक्यात पलीकडच्या मुलीला फोन आला आणि त्याच्या कानावर तिचा आवाज पडला, "बरं, आणि हे साधारण किती वाजता होतं?" त्याला आजवर दोनदा कंपनीचं प्रशस्तिपत्रक मिळालं होतं, चौकटीत घालून. ती दोन्ही घरी कपाटावर कुठेतरी होती. या मुलीचं ते वाक्य ऐकताना जसं वाटलं तसं तेव्हा वाटलं नव्हतं.

संध्याकाळी घरी येऊन त्याने चपला काढायच्या आधीच बायकोला सांगितलं, "आज माझा प्रश्न सगळ्यांच्या पडद्यावर आलाय. कायमचा."

"कुठला हो?"

"'किती वाजता?'"

बायको शाळेच्या कार्यालयात कारकून होती. हातातली फाइल तिने टेबलावर ठेवली. "हा तुमचा प्रश्न? किती वाजता येणार, म्हणून पंचवीस वर्षं मी विचारतेय. तेव्हा कुणी रकाना छापला नाही."

तो हसत हसत खुर्चीत बसला आणि पाय समोरच्या स्टुलावर टेकवला. तिने सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. सिस्टरांचं तिला फार आवडलं. आभाळाचं ऐकून ती म्हणाली, "बघा, बाई होती म्हणून लिहिलं." लंबूचं खुर्चीबद्दलचं बोलणं त्याने गाळलं होतं, पण सांगता सांगता ते तोंडून निघालंच. तिने स्टुलावरच्या पायाकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "आता येतोय ना तो त्याच खुर्चीपाशी?"

"येतो."

"मग झालं."

जेवणं झाल्यावर तिने आतल्या खोलीत जाऊन आपल्या बहिणीला फोन लावला. दार अर्धं उघडं होतं. तो बाहेर बसून ऐकत होता. ती सांगत होती की एका मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंचा एसी सहा इंजिनियरांना जमला नव्हता. बोर्ड उन्हाने वितळत होता. आमच्या ह्यांनी फोनवर नुसता आवाज ऐकला आणि इथून सांगितलं, भिंत फोडा, वायर आत आहे.

सिस्टर होत्या, डॉक्टर नव्हत्या. सहा नव्हे, एकटा लंबू, आणि तो इंजिनियर नव्हता. बोर्डाला काहीही झालेलं नव्हतं. भिंत कुणी फोडली नव्हती. आयुष्यभर दुसऱ्याची चूक ऐकली की त्याचा हात आपोआप पेचकसाकडे जायचा. त्या दिवशी त्याने उशी पाठीशी नीट लावून घेतली, पाय स्टुलावर सरळ केला, आणि ती जे जे सांगत होती ते सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.